एक कळ दाबून जा

गायकवाडांच्या घरी काही द्यायला गेलात किंवा मागायला गेलात, तरी आधी एक कळ दाबावी लागते. दाराची बेल नव्हे, ती वेगळी. दार उघडलं की चपलांच्या रॅकला लागून एका उंच स्टुलावर कीबोर्ड ठेवलेला दिसतो. त्याच्यामागे संगणकाचा काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. गायकवाड बाजूला सरकतात आणि एखाद्या सरकारी कचेरीत सही मागावी तसं म्हणतात, "या. एक कळ दाबून जा."

"कोणती?"

"मनाला येईल ती."

गॅसवाला दाबतो. कुरिअरवाला दाबतो. निवडणुकीच्या दिवसांत चार कार्यकर्ते पत्रकं घेऊन आले होते. गायकवाडांनी चौघांना रांगेत उभं करून एकेक कळ दाबायला लावली, आभार मानले आणि दार लावून घेतलं. पत्रक द्यायचं राहून गेलं, हे त्या चौघांना खाली स्कूटरजवळ आल्यावर कळलं.

मी आमच्या कोपरीतल्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. टाकी कधी धुतली, लिफ्टचा माणूस कधी आला, कोणाच्या गॅलरीतून कोणाच्या गॅलरीत पाणी पडतं, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. या कळ दाबण्याबद्दल तीन घरांची लेखी तक्रार आली, तेव्हा ती घेऊन मीच वर गेले. कामवाल्या बायका दुसऱ्या मजल्यावर पाच मिनिटं अडकतात, असं तक्रारीचं म्हणणं होतं. गायकवाडांनी कागद शांतपणे वाचला.

"तारीख नाही घातलीत तुम्ही."

मी तिथेच तारीख घातली.

"बाकी मांडणी चांगली आहे," ते म्हणाले. "मुद्दे वेगळे काढलेत. माझ्याकडे नोंद ठेवायला माणूसच नाही हो, सेक्रेटरीबाई."

मी तक्रार घेऊन गेले आणि वही घेऊन खाली आले. त्या वहीत रकाने होते: कोणी दाबली, कोणती कळ, किती वेळ, पुढे काय झालं. दर रविवारी सकाळी अर्धा तास, असं आमचं ठरलं. माझे मिस्टर म्हणाले, "तुला सोसायटी पुरत नव्हती का?" खरं सांगायचं तर नीट आखलेले रकाने बघून मला नाही म्हणवलं नाही.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. मला समजलं तेवढंच.

जगभरातले काही लोक मिळून एक अवजारांची पेटी तयार करतात. संगणकाची अवजारं. कोणीही फुकट घ्यावीत आणि आपल्या कार्यक्रमात, म्हणजे प्रोग्रॅममध्ये, वापरावीत. तिची खुबी अशी, की तेच अवजार विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं आणि आणखी दोन-चार घराण्यांच्या संगणकांवरही चालतं. त्या पेटीत पुष्कळ काही होतं. फक्त काळ्या पडद्याशी बोलायची अवजारं नव्हती. म्हणजे माणसाने एंटर न दाबता नुसती कळ दाबली तरी ती ओळखायची, पडदा किती रुंद आहे ते विचारायचं, कार्यक्रम मध्येच मेला तर पडदा पुन्हा पहिल्यासारखा करून ठेवायचा, असली कामं. ही अवजारं गायकवाड लिहीत होते. पेटीत काय जाणार आणि काय नाही, हे ठरवणारा एक माणूस कुठल्याशा थंड देशात होता. त्याला आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. गायकवाड त्याला 'थोरले' म्हणत.

थोरले ते काम पेटीत घेतात की परत पाठवतात, हाच गायकवाडांच्या घरातला गेल्या दीड वर्षाचा एकमेव प्रश्न होता. दुसरं काही विचारायची सोयच नव्हती. "बरे आहात ना?" असं विचारलं तर उत्तर यायचं, "अजून घेतलेलं नाही."

गायकवाडांचं वय सहासष्ट. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात यंत्रांची मापं बघण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही. खिशाला दोन पेनं आणि एक टेस्टर. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही, पण रागावतानाही नाही. कशावरही त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "थांबायला काय जातं?"

लिफ्टमध्ये ते असले की दार धरून ठेवतात. जिन्यात चिटपाखरू नसतं. आपण म्हणावं, "काका, कोणी नाही हो," तर म्हणतात, "येत असेल. थांबायला काय जातं?" रिक्षात बसल्यावर पत्ता लगेच सांगत नाहीत, रिक्षावाल्याला आधी मीटर टाकू देतात, आरसा नीट करू देतात. एका वार्षिक सभेत मी विचारलं, "कोणाची हरकत? नाही. मंजूर." गायकवाड उभे राहिले. "बाई, तुम्ही प्रश्न विचारलात आणि उत्तर तुम्हीच दिलंत. जरा थांबा, कोणी हात वर करत असेल." आम्ही चाळीस माणसं गप्प बसून राहिलो. पुरेसा वेळ गेल्यावर तळमजल्यावरच्या आजोबांनी खरोखरच हात वर केला. त्यांना पंखा बंद करून हवा होता.

थोरल्यांशी पत्रव्यवहार पहाटे व्हायचा. गायकवाड साडेपाचला उठून उत्तर वाचत, दिवसभर त्यावर विचार करत आणि दुसऱ्या दिवशी जवाब पाठवत. थोरल्यांची सगळी पत्रं दोन ओळींची. गायकवाडांची कारखान्याच्या वळणाची: आपल्या अमुक मुद्द्याच्या संदर्भात कळविण्यात येते की. मी म्हटलं, "इतकं मानाने कशाला लिहिता? तो तर तुम्हाला 'हाय' म्हणतो."

"त्याची पद्धत त्याच्यापाशी."

हळूहळू एकेक मुद्दा सुटत गेला. वहीत पानंच्या पानं 'ठीक' लिहिलेली होती. सोसायटीतल्या सगळ्यांनी सगळ्या कळा दाबून झाल्या होत्या. मला वाटलं, आता काम संपलं. मग आमच्या माई वर गेल्या.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. वय एक्याऐंशी. होळीचा दिवस होता आणि त्या गायकवाडांना पुरणपोळी द्यायला गेल्या होत्या. सोबत मी होते. दारात नेहमीचं वाक्य ऐकून माईंनी पोळीचा डबा माझ्या हातात दिला, चष्मा वर केला आणि खाली जाणाऱ्या बाणाच्या कळेवर बोट ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. पडद्यावर अक्षरांची रांग भराभरा खाली पळायला लागली, आणि एकदम सगळं नाहीसं झालं. कार्यक्रम बंद.

"अगंबाई, मोडलं की काय हो?" माई म्हणाल्या. "मी नुसतं बोट ठेवलं."

गायकवाडांनी आतून खुर्ची आणली. "बसा माई. पुन्हा ठेवा."

माईंनी पुन्हा ठेवलं. पुन्हा बंद. सहा वेळा ठेवलं, त्यात दोनदा बंद पडलं. पोळी गार झाली. वहीत इतक्या दिवसांनी पहिल्यांदा 'ठीक'च्या जागी दुसरं काही लिहायची वेळ आली.

"आपण सगळे कळ दाबतो आणि सोडतो," गायकवाड म्हणाले. "म्हातारं माणूस दाबत नाही. बोट ठेवतं. आणि दीड वर्षात हे माझ्या लक्षात आलं नाही. मला यायलाच हवं होतं."

ते स्वतःवर इतके नाराज झालेले मी पहिल्यांदाच बघत होते. तेव्हा त्याचं कारण मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माई रोज अकरा वाजता वर जायला लागल्या. पदर खोचून, चष्म्याची पेटी घेऊन. "कुठे निघालात?" म्हटलं की म्हणायच्या, "कामावर." गायकवाड त्यांना चहा देत आणि माई बाणावर बोट ठेवून बसत. "हे बरंय," त्या मला म्हणाल्या. "घरी कशाला हात लावला की तुम्ही ओरडता, माई तिथे बोट नको. इथे एक माणूस बोट ठेवा म्हणतोय."

बिघाड असा होता. बाणाची कळ दाबली की संगणकाकडे एक खूण जात नाही, तीन जातात, एकीमागे एक. त्यातली पहिली खूण नेमकी तीच, जी एस्केपच्या कळेची असते. म्हणजे 'मला बाहेर पडायचंय' याची. पहिली खूण आली की संगणकाने जरा थांबून बघायचं असतं, मागून आणखी दोन येताहेत का. आल्या तर बाण. नाही आल्या तर माणूस निघालाय. बोट ठेवूनच दिलं की खुणांची नुसती झुंबड उडते, यंत्र जुनं आणि हळू असेल तर एखादी खूण मागे रेंगाळते, आणि कार्यक्रम समजतो की समोरचं माणूस चाललं. तो दार लावून घेतो.

"मग जास्त वेळ थांबायला सांगा त्याला," मी म्हटलं.

गायकवाडांनी माझ्याकडे बघितलं. "थांबायला काय जातं, तेच म्हणतोय मी."

थोरल्यांच्या मते बरंच जात होतं. त्यांनी लिहिलं, की जास्त थांबलं तर एस्केप दाबणाऱ्या प्रत्येकाला यंत्र अडखळल्यासारखं वाटेल. असल्या हळू यंत्रावर बाण दाबून धरणारी माणसं आहेत तरी किती? त्यांच्यासाठी बाकी सगळ्यांनी का खोळंबायचं?

गायकवाड उत्तर लिहायला बसले तेव्हा मी शेजारीच होते. माणसं किती, या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं: एक.

"काका, 'काही' लिहा," मी म्हटलं. "'पुष्कळ' लिहा. तपासायला कोण येतंय? आणि माई धरून दोन होतात."

"माईंना कामाला मी बसवलंय. खरं वापरणारं माणूस एकच आहे. एक आहे तर एक लिहायचं." ते माणूस कोण, हे मी तेव्हा विचारलं नाही.

ते पत्र गेलं आणि तिकडून उत्तर येईना. आठवडा गेला, दुसरा गेला. गायकवाड पहाटे उठत, बघत आणि संगणक बंद करत. लिफ्टचं दार धरायचंही विसरले. शेवटी मी स्पष्टच विचारलं. कामाची गोष्ट मला घोळत ठेवता येत नाही.

"हे बघा. तुम्ही लिहिलेलं तुमच्या संगणकावर नीट चालतंय ना? जास्त थांबतंय ना? मग तेच वापरा. थोरल्यांची मंजुरी कशाला पाहिजे?"

गायकवाडांनी संगणक बंद केला. मग त्यांनी सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"खडवलीला माझी वहिनी असते. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा आमची आई गेली. वहिनी त्याच साली लग्न होऊन आलेली, तिचं वय सतरा. तिने मला वाढवलं. दादा आमच्या समाजातली लग्नं जुळवायचा. विहाराशेजारी आमचं घर, तिथे वहीत स्थळं लिहून ठेवायचा. फुकट, समाजकार्य म्हणून. त्याच्या ऑफिसने एक जुना संगणक मोडीत काढला, तो त्याने घरी आणला, आणि त्यावर स्थळांची यादी ठेवायचा कार्यक्रम मी लिहून दिला. दादा गेला. मला वाटलं, बंद पडेल. तर वहिनी बसायला लागली. सातवी शिकलेली बाई, त्या यादीसाठी इंग्रजी मोठी अक्षरं शिकली. आता पंचाहत्तरची आहे. दर रविवारी कल्याणपासून कसाऱ्यापर्यंतची माणसं येतात तिच्याकडे. ती खालच्या बाणावर बोट ठेवते, नावं पळतात, आणि बरोबर पाहिजे तिथे बोट उचलते. तो संगणक आता शेवटच्या घटका मोजतोय. दुसरा बसवला तर हे असं बंद पडतं. दोनदा बंद पडलं की ती समजेल, आपलंच चुकतंय. मग ती हात लावणार नाही. आणि रविवारची माणसं यायची थांबली की घरात ती एकटी."

"मग दुसऱ्या संगणकावर तुमचं घालून द्या ना."

"देईन. आज देईन. माझ्या छातीत दोन स्टेंट आहेत, बाई. हा संगणक चार वर्षं चालेल, मग तिसरा लागेल. तेव्हा मी नसलो तर? माझ्यापाशी आहे ते माझ्याबरोबर जाणार. त्या पेटीत गेलं की ते सगळ्यांचं. नवीन संगणक आला, की जगात कुठेतरी कोणीतरी बसून ते त्यावर चालतं करणार. त्याला वहिनी माहीत असायची गरज नाही."

घरी येऊन मी माईंना हे सांगितलं. माई पोळपाट पुसत होत्या. "म्हणजे माझं बोट त्या बाईच्या जागी होतं होय," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या ऐवजी दहालाच वर गेल्या.

उत्तर तिसऱ्या आठवड्यात आलं, पण थोरल्यांचं नव्हे. तो पत्रव्यवहार उघडाच असतो, कोणीही वाचावा. कुठलातरी तिसराच माणूस मध्ये लिहिता झाला होता. त्याचे वडील हात थरथरतो म्हणून कळ अशीच दाबून धरतात आणि त्यांचाही कार्यक्रम असाच बंद पडतो. त्याला आजवर वाटत होतं, वडिलांचंच काहीतरी चुकतंय. गायकवाड सकाळी सात वाजता आमच्या दारात आले. ते कधी कोणाच्या दारात जात नाहीत.

"दोन झाले," ते म्हणाले.

"काय?"

"वापरणारे."

त्यानंतर चार दिवसांनी थोरल्यांनी तोडगा काढला. एरवी कमीच थांबायचं. पण किती थांबायचं ते कार्यक्रम लिहिणाऱ्याला ठरवता येईल, अशी सोय ठेवायची. गायकवाडांनी ते दोन दिवसांत लिहून पाठवलं, माईंनी बोट ठेवून तपासलं, मी वहीत 'ठीक' लिहिलं आणि शुक्रवारी पहाटे ते पेटीत घेतलं गेलं. थोरल्यांनी त्याखाली एक ओळ लिहिली होती: तुमच्या एका माणसाला सांगा, आता चालेल.

रविवारी आम्ही तिघं खडवलीला गेलो. माई म्हणाल्या, मी येणारच, काम माझं आहे. पिशवीत जुन्या बाजारातून घेतलेला संगणकाचा डबा होता. गायकवाडांनी बेत पक्का केला होता. पडदा तोच ठेवायचा, कीबोर्ड तोच, टेबलावरचं प्लास्टिकसुद्धा तेच. वहिनी आत चहा ठेवतील तेवढ्यात खालचा डबा बदलायचा. स्थळांची यादी त्यांनी आधीच उतरवून आणली होती.

वहिनी ठेंगण्या, काटक, नऊवारी नेसलेल्या. दारातच म्हणाल्या, "परभा, वाळलास की रे! ह्या बाया कोण?"

"शेजारच्या. कामात मदत करतात."

"करा हो बायांनो. ह्याला कोन न्हाई." आणि आत चहाला गेल्या.

गायकवाड टेबलाखाली शिरले. मी वायरी धरल्या. ओसरीवर मुरबाडकडचे एक गृहस्थ मुलीचा बायोडेटा घेऊन बसले होते. ते आमच्याकडे चोरांकडे बघावं तसं बघत होते. वहिनी कपबशा घेऊन आल्या, तेव्हा आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे होतो आणि गायकवाडांच्या गुडघ्याला धूळ होती.

वहिनी खुर्चीत बसल्या. चष्मा घातला. खालच्या बाणावर बोट ठेवलं.

नावं पळायला लागली. दहा, वीस, पन्नास. मी गायकवाडांकडे बघितलं नाही. माईंनी माझा दंड घट्ट धरला होता. नावं पळतच होती. कार्यक्रम बंद पडला नाही. मग वहिनींनी बोट उचललं आणि यादी जागच्या जागी थांबली.

पडद्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत होतं: गायकवाड प्रभाकर. वय २९. नोकरी कायम. राहणार ठाणे. अपेक्षा: साधी.

"हाय जाग्यावर," वहिनी म्हणाल्या.

माईंना राहवलं नाही. "हे तर आमच्या गायकवाडांचं!"

"मग! ह्याच्या दादानं वहीत लिवलेलं. तसंच उतरवलं." वहिनींनी बशीत चहा ओतला. "रोज मशीन लावलं की आधी ह्याला बघते. बाकीच्या पोरांची लगनं होत्यात, नावं काढावी लागत्यात. हे एक काढायची पाळी न्हाई आली."

"अहो, पण वय तरी बदला," माई म्हणाल्या.

"कशाला? काय म्हातारा झालाय का तो?"

गायकवाड खिडकीकडे तोंड करून उभे होते. वहिनींनी चहा संपवला, बशी बाजूला ठेवली आणि पडद्यावरच्या नावाकडे बघतच विचारलं, "परभा, मी गेल्यावर हे बंद पडंल का रे? मग तुला स्थळ कोन दाखवनार?"

"नाही पडणार, वहिनी."

"कशावरनं?"

"जगभरातली माणसं सांभाळणार आहेत आता ते."

वहिनींनी यावर विचार केला. ओसरीवरच्या गृहस्थांना हाताने आत बोलावलं, त्यांचा कागद घेतला, आणि मग मान वळवून म्हणाल्या, "इतक्या लांबची नको. कल्यान-कसाऱ्याच्या आतली बगा म्हनाव त्यास्नी."

"बरं," गायकवाड म्हणाले. "कळवतो."